कापसाच्या खोलीतला अल्बम

२८ डिसेंबर, सकाळी ११

आजपासून रोजनिशी. कोणाले दाखवायची नाही, फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट ठेवायचं. मोठ्या कलाकारांच्या वह्या मागून सापडत असतात.

आधी ओळख, म्हणजे घोळ नको. नयन किसनराव गावंडे, वय चौतीस. रॉक म्युझिशियन, गीतकार, प्रोड्युसर. मुक्काम घाटंजीपासून आठ किलोमीटर. बँडचं नाव 'गुलाबी बोंडअळी'. मेंबर दोन. गिटार, गाणं, शब्द, चाल, प्रोडक्शन मी. ड्रम राजदीप. तो लग्नाच्या बँडमध्ये ताशाही वाजवते, पण ते मी मनावर घेत नाही. बँडचं नाव घरात घ्यायची बंदी आहे. बाबा म्हणे, कापूस पिकवणाऱ्याच्या घरात हे नाव? कोणी आपल्या पोराचं नाव टायफॉईड ठेवते का?

काल जेवताना मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे मले घेरलं. बाबा, माझी बायको उर्वशी (उपकेंद्रात नर्स आहे) आन तिचा भाऊ शाम. शामचं घाटंजीत कृषी केंद्र आहे. तो म्हणे, भाऊजी, दुकानात घरचा माणूस पाहिजे, कायले घरी बसता? मी म्हणलं, बसून नाही राह्यलो, अल्बम करून राह्यलो. शाम म्हणे, पाच वर्षांपासून? मी म्हणलं, हाव. कला आहे ते, सोयाबीन नव्हे, शंभर दिवसांत यायले.

शेवटी बाबानं निकाल दिला. घरातला कापूस विकल्या जाईपर्यंत मुदत. तोवर अल्बम काढून दाखव. नाही त कापूस गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊले शामच्या काउंटरवर उभा राह्य.

मी लगेच हाव म्हणून टाकलं. बाबाले मी ओळखतो ना. बाबाच्या मनात भावाचा एक आकडा असते. तो आल्याशिवाय घरातलं एक बोंड हालत नाही. आकडा काय आहे ते त्यानं आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही. यंदा भाव पडेल आहे. म्हणजे माझ्याजवळ टाइमच टाइम.

अल्बममध्ये नऊ गाणी. एका महिन्यात तीन. मार्चअखेर रिलीज. सोपं आहे.

३० डिसेंबर

शोध लागला! कुठं लिहून ठेवू अन् कुठं नको!

अडचण अशी होती का स्टुडिओ नाही. समोरच्या खोलीत रेकॉर्डिंग केलं का मागं कुकरची शिट्टी येते. आज मधल्या खोलीत गेलतो, जिथं बाबानं यंदाचा कापूस भरला. तीन बाजूंनी पार छतापर्यंत गंजी. तिथं मले शिंक आली. शिंकलो. आन आवाज गायब! घुमला नाही, परतला नाही, कापसानं गिळून टाकला. बाहेर उर्वशी दहा फुटांवर भाजी निवडत होती, तिले शिंक ऐकूच गेली नाही.

पुण्यामुंबईचे लोक भिंतीले फोम लावायले केवढा खर्च करतात. आमच्या घरी दरवर्षी फुकटात तयार होते आन आम्ही येडे ते विकून टाकतो.

बाबाच्या अटी: आत विजेची वायर न्यायची नाही, बल्ब नाही, बिडी नाही, चप्पल नाही. एक ठिणगी उडाली त सगळं खाक. बरोबर आहे. मंजूर.

म्हणजे अॅम्प्लिफायर बंद. इलेक्ट्रिक गिटारची वायर सरळ मोबाईलमध्ये, मोबाईल पॉवर बँकवर. जगात कोणी असा अल्बम केला नसेल.

४ जानेवारी

पहिलं सेशन. राजदीपनं ड्रम आत आणला. कापसावर ठेवला, खाली गेला. राजदीप काढायले गेला, तोही कंबरेपर्यंत गेला. एक तास त्यातच गेला. गिटार वाजवायच्या दोन पट्ट्या कापसात हरवल्या.

पण माझा आवाज! हेडफोन लावून ऐकला, मले ओळखूच आला नाही. इतका मऊ. कानाले कुठंच टोचत नाही. चौतीस वर्षं मी चुकीच्या खोल्यांमध्ये गात होतो.

राजदीप म्हणे, ड्रम असा ऐकू येते जसं कोणी गादीवर काठी हाणून राह्यलं. मी म्हणलं, याले व्हिंटेज म्हणतात.

गाणी पूर्ण: शून्य. पण पाया भक्कम.

७ जानेवारी

खाज.

८ जानेवारी

साठवलेल्या कापसात राहिलं का अंगाले खाज सुटते, हे पूर्ण जिल्ह्याले माहीत आहे. मलेही माहीत होतं. कलेच्या नादात ध्यानात नाही राह्यलं. मानेपासून पायापर्यंत लाल. उर्वशीनं लोशन दिलं आन म्हणे, गाद्यांवर बसू नका, अंगणात बसा. जेवणाचं ताटही अंगणात आलं.

फायदा एक झाला. राजदीपले खाजवायची घाई, म्हणून तो प्रत्येक गाणं दुप्पट स्पीडनं वाजवून मोकळा होते. पहिल्यांदा बँडमध्ये जोश दिसला.

१९ जानेवारी

'तुरीच्या शेंगा आणि माझं एकटेपण' पूर्ण! गाणं क्रमांक एक. साडेसहा मिनिटं. उर्वशीले हेडफोन देऊन ऐकवलं. ती अर्ध्या मिनिटानं म्हणे, लसीकरणाचा दिवस आहे, जाते. डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणे, लोशनचा वास आहे तो. काही लोकांले भावना लपवायची सवय असते.

आज दोन वेळा सही करायची प्रॅक्टिस केली. 'न' चा दांडा गिटारसारखा काढायचा.

२ फेब्रुवारी

धोका!

पानटपरीवर गेलतो. सगळे गावकरी खुशीत. काहून म्हणून विचारलं त म्हणे, कापसाचा भाव चढून राह्यला. माझ्या तोंडून निघून गेलं, अरे बाप्पा, उतरला पाह्यजे! एकानं माझ्याकडे असं पाह्यलं का मी त्याच्या बैलाले दगड मारला. मी म्हणलं, मजाक केली. कोणी हासलं नाही. पानवाल्यानं चुना जास्त लावून दिला.

आकडा आला त? बाबा विकून टाकीन, स्टुडिओ जाईन, मी काउंटरवर, शाम गल्ल्यावर. गाणी पूर्ण: एक.

निश्चय: उद्यापासून दिवसाचे आठ तास रेकॉर्डिंग.

३ फेब्रुवारी

कळंबले गेलतो. सगळे म्हणतात चिंतामणी चिंता हरतो, मंग माझी काहून नाही हरणार? चतुर्थीची गर्दी टाळून मुद्दाम मंगळवारी गेलो, म्हणजे देवाले निवांत सांगता येईन. गेल्यावर कळलं, गर्दी मंगळवारीही असते.

पायऱ्या उतरून खाली गेलो, हात जोडले आन म्हणलं, देवा, अल्बम होईपर्यंत भाव वाढू देऊ नको. बाजूले एक म्हातारा कास्तकार डोळे मिटून मोठ्यानं म्हणत होता का भाव वाढू दे. एकाच मिनिटात देवाजवळ दोन अर्ज. मी माझा अर्ज तीन वेळा म्हणून घेतला. म्हातारे लोक एकदाच म्हणतात.

रेकॉर्डिंग: आज प्रवास.

११ फेब्रुवारी, दुपारी

सोन्याच्या शाईनं लिहायचा दिवस.

'सिंगल फेज मोहब्बत' चा टेक चालू होता. बाहेर गाडीचा हॉर्न. एकदा नाही, चार वेळा. कापूस असूनही ऐकू आला, म्हणजे पाहा केवढा असेन. दाराच्या फटीतून पाह्यलं. डोंगरसिंगची गाडी. डोंगरसिंग म्हणजे गावोगावी फिरून कापूस घेणारा व्यापारी, मागं वजनकाटा घेऊन फिरते. तो अंगणात बाबाशी हात हलवून हलवून बोलत होता. बाबा पाच मिनिटं खाली मान घालून उभा. मंग बाबानं तोंडावर बोट ठेवलं, आमच्या खोलीकडे दाखवलं आन त्याले फाटकाबाहेर घालवून दिलं!

माझ्या गाण्यासाठी! बाबानं! ज्या बाबाले माझी गिटार म्हणजे धुणं वाळवायची काठी वाटत होती! आखरीले त्याले कलेची किंमत कळली.

संध्याकाळी उर्वशी म्हणे, बाबांसाठी तरी ते लवकर संपवा. म्हणजे बाबा अल्बम ऐकायले किती उतावीळ झाला आहे पाहा. पण मी घाई करणार नाही. बाबाले कच्चा माल ऐकवणं शोभत नाही.

२० फेब्रुवारी

मांजर ड्रमच्या मागं कापसात व्याली. चार पिल्लं. राजदीप म्हणे, आता ड्रम वाजवला त पाप लागीन. सेशन बंद.

या दिवसांत अल्बमचं कव्हर केलं. मी कापसात गळ्यापर्यंत बुडेल, काळा चष्मा, तोंडावर वेदना. वेदना खरी होती, मानेले खाज सुटली होती.

५ मार्च

भाव पडला! धपकन! पेपरात पहिल्या पानावर. चिंतामणीनं ऐकलं. तिसऱ्यांदा म्हणलं तेच कामी आलं.

घाटंजीवरून पावभर पेढे आणले. उर्वशीनं विचारलं, कायचे? मी म्हणलं, 'सिंगल फेज मोहब्बत' पूर्ण झालं त्याचे. बाबासमोर डबा धरला. बाबानं एक उचलला, हातात फिरवला आन परत ठेवला. म्हणे, मंग खातो. शुगर तपासायले पाह्यजे त्याची.

गाणी पूर्ण: दोन. मार्चअखेर रिलीज थोडं पुढं ढकलू. लोकांचे परीक्षेचे दिवस आहेत.

१६ मार्च

लाईव्ह शो! महागावले, राजदीपच्या मावसभावाच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात. डीजेवाल्याची गाडी पंक्चर झाली होती, तोवर आम्ही. स्पीकर इतके मोठे का मले माझंच काही ऐकू येत नव्हतं. 'तुरीच्या शेंगा' चालू केलं आन तिसऱ्याच मिनिटाले पूर्ण मांडव उठून उभा राह्यला! सगळेच्या सगळे! मी डोळे मिटून गात राह्यलो. डोळे उघडले त मांडव खाली. राजदीप म्हणे, पंगत बसली. पण पंगत रोजच बसते. लोक उभे राह्यले हे महत्त्वाचं.

नवरीच्या मामानं स्वतः येऊन हातात पाण्याचा गिलास दिला आन म्हणे, बसा आता, थकले असान. एवढी कदर आजकाल कोण करते?

२ एप्रिल

दोन्ही गाणी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. बेचाळीस मेंबर. दहा मिनिटांत आठ जणांचे जोडलेले हात आले. यवतमाळच्या आत्यानं विचारलं, कोण गेलं? मंग एकाएकी ग्रुपवर अॅडमिनशिवाय कोणाले लिहिता येईना. काहीतरी टेक्निकल बिघाड. अॅडमिन बाबा आहे, त्याले मोबाईलमधलं काही समजत नाही.

राजदीपचं लग्नांचं सीझन चालू झालं. पंधरा तारखेपर्यंत तो येत नाही. त्याच्याशिवाय ड्रम नाही. मीही मंग आराम केला. उन्हात आवाज वापरू नये.

१९ एप्रिल

बाबा जेवताना म्हणे, कापूस पिवळा पडून राह्यला, वजन उतरून राह्यलं, आन उन्हाळ्याचे दिवस, कुठं ठिणगी पडली त संपलं. परवा डोंगरसिंग येते. देऊन टाकू.

मी म्हणलं, आन आकडा? बाबा म्हणे, राहू दे.

राहू दे! चाळीस वर्षांच्या कास्तकारीत बाबाच्या तोंडून हा शब्द निघाला नाही!

गाणी पूर्ण: दोन. बाकी: सात. दिवस: एक. होते. मोठे मोठे अल्बम एका दिवसात झाले असतील. निश्चय: सातही गाणी जोडून एकच गाणं करायचं. अकरा मिनिटांचं. नाव 'डीपी जळाली'. गावातल्या डीपीवर, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे, आन माझ्यावरही.

२० एप्रिल

शब्द लिहिले:

जळाली डीपी, जळालं मन,
लाईनमन काही आला नाही,
तुहा नंबर व्यस्त दाखवते,
माहा फोन काही लागला नाही.

असे सात कडवे. लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. उद्या पहाटेच रेकॉर्डिंग. डोंगरसिंग काही दुपारच्या आत येत नाही.

२१ एप्रिल, सकाळी ७.१०

डोंगरसिंग आला.

२१ एप्रिल, दुपारी

जे झालं ते नीट लिहितो.

मी म्हणलं, भाऊ, अकरा मिनिटं द्या. डोंगरसिंग म्हणे, मजूर रोजीनं आहेत, थांबता येत नाही, तुम्ही तुमचं करा, ते त्यांचं करतीन. मंग मी गंजीच्या पार वर चढून बसलो, गिटार घेतली, राजदीप बाजूले, मोबाईल चालू. खालून मजुरांनी कापूस भरून न्यायले सुरुवात केली. मी गाऊन राह्यलो आन हळूहळू खाली येऊन राह्यलो. दुसऱ्या कडव्याले छत दूर गेलं. चौथ्याले खिडकी दिसली, ती खोलीले आहे हे मी विसरलोच होतो. सातव्या कडव्याले मी फरशीवर बसेल होतो. पण थांबलो नाही! एका टेकमध्ये पूर्ण! मजुरांनी टाळ्या वाजवल्या. राजदीप म्हणे, ते हात झटकून राह्यले होते.

गाडी भरल्यावर डोंगरसिंगले चहा द्यायले गेलो. तो म्हणे, नयनभाऊ, एक गोष्ट समजली नाही. फेब्रुवारीत मी याच अंगणात उभा होतो, तुमच्या बाबानं मनातला आकडा मले सांगतला, मी त्याच्यावर चार पैसे जास्त देत होतो. तरी बाबा नाही म्हणे. म्हणे, आत पोराचं रेकॉर्डिंग चालू हाये, खोली खाली केली त त्याचं काम मोडीन, थोडं थांब. आन आता पाहा, कोणत्या भावानं देऊन राह्यले.

चहा मीच पिऊन टाकला. त्याले दुसरा आणून दिला.

म्हणजे आकडा आला होता. आन मी कळंबले जाऊन आलो होतो. आन पेढे वाटले होते. बाबासमोर डबा धरला होता मी. मी किती मोठा भैताड आहे हे इथं एकदा लिहून ठेवतो, अक्षर नीट काढून.

२१ एप्रिल, संध्याकाळी

बाबाजवळ गेलो. तोच म्हणे, झालं ना तुहं? मंग लाव, ऐकू.

मधल्या खोलीतच बसलो. खाली फरशी, चार भिंती, कोपऱ्यात मांजरीची पिल्लं. बाबा, उर्वशी, राजदीप. स्पीकर लावला. बाबाचा एवढा पैसा ज्याच्यासाठी गेला ते त्याले आवडलंच पाह्यजे, एवढंच मनात होतं.

पहिलं कडवं छान. दुसरं बरं. तिसऱ्यापासून मागं कोणीतरी माणूस ओरडून राह्यला होता. पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. मी राजदीपले म्हणलं, मजूर लोकांनी टेक खराब केला. पाचव्या कडव्याले तो माणूस माझेच शब्द म्हणत होता. मी वायर काढून पुन्हा लावली. राजदीप म्हणे, वायर ठीक आहे. मी म्हणलं, मंग हा कोण आहे? राजदीप पायाच्या अंगठ्याकडे पाहत राह्यला. उर्वशी म्हणे, अहो, तुम्हीच.

सहावं आन सातवं कडवं मी पूर्ण ऐकलं. कोणी उठलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा मी मले ऐकलं.

गाणं संपलं. बाबानं रिकाम्या भिंतीवर हात फिरवला. मंग म्हणे, कापूस होता तोवर बरं होतं.

मले हासू आलं. उर्वशीलेही आलं. बाबाले नाही आलं, तो खरंच विचार करून सांगत होता. म्हणे, किती गाणे राह्यले तुहे? मी म्हणलं, सहा. सातही म्हणता येतील. बाबा म्हणे, मंग हरकत नाही, डिसेंबरात खोली पुन्हा भरते, तेव्हा कर.

मी म्हणलं, नाही बाबा. तेव्हा आकडा आला का त्याच दिवशी विकून टाकजो. कोणी आत गात असलं तरी.

उठता उठता बाबानं विचारलं, पेढे आहेत का घरात? दीड महिन्याचे कुठून असतील. उर्वशीनं गुळाचा खडा आणून दिला, तो त्यानं अर्धा मले दिला.

शामचा फोन आला. म्हणे, भाऊजी, उद्या नऊले नका येऊ, साडेआठले या, आधी झाडू मारा लागते.